एकाच बाजूचा टेल लाइट सारखा जातोय? नवीन बल्ब टाकायच्या आधी हे बघा

उजव्या बाजूचा ब्रेक लाइट दर दीड-दोन महिन्यांनी बंद पडायचा. बल्ब बदलला की चालू, परत काही आठवडे गेले की बंद. डावीकडचा मात्र गाडी घेतल्यापासून तोच बल्ब, त्याला काहीच होत नाही. तिसऱ्या वेळी मागून येणाऱ्या एका ओळखीच्याने फोन करून सांगितलं की तुझा उजवा ब्रेक लाइट पेटत नाहीये, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याला आपला टेल लाइट कधी दिसतच नाही, किती दिवस तसाच चालवत होतो कोणास ठाऊक, आणि मागचा माणूस अंधारात त्या लाल दिव्यावर भरवसा ठेवूनच अंतर राखत असतो. म्हणून ठरवलं की या वेळी नुसता बल्ब टाकायचा नाही, पूर्ण लाइट काढून कारण शोधायचं. ते सापडलं, आणि ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा जी मी दोन वेळा केली नाही. काढलेला बल्ब फेकू नका, नीट बघा. मी जुने दोन्ही बल्ब डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवले होते, ते या वेळी हातात घेऊन उजेडात धरले तर आतली तार अखंड होती, दोन्हीची, काच पण स्वच्छ. वायरचे दोन तुकडे घेऊन बॅटरीवर लावले तर दोन्ही बल्ब लख्ख पेटले! म्हणजे बल्ब गेलाच नव्हता कधी. मग नवीन टाकल्यावर लाइट चालू का व्हायचा? कारण बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवताना आतल्या पत्र्याच्या टोकांवर साचलेला थर घासला जातो, तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट मिळतो आणि आपल्याला वाटतं नव्या बल्बने काम झालं. जुनाच काढून परत बसवला असता तरी पेटला असता.

तुमच्या बल्बची तार खरोखर तुटली असेल तर मात्र रस्ता वेगळा. काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल तर बल्ब आयुष्य पूर्ण करून गेलाय, काही चिंता नाही. आत पांढरट धुरासारखा थर असेल तर काचेला बारीक तडा जाऊन हवा आत शिरलीय, बऱ्याचदा तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की असं होतं, म्हणजे लाइटमध्ये पाणी शिरतंय का ते बघायला हवं. आणि काच स्वच्छ पण तार मधेच तुटलेली, तीही वरचेवर, तर लाइट ढिला बसलाय का आणि धक्के खातोय का ते बघा, शिवाय इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ च्या मधे असायला हवं, १५ च्या पुढे जात असेल तर चार्जिंगचा दोष आहे आणि तो एकाच बाजूचा नाही तर गाडीतले सगळेच बल्ब लवकर खाईल.

आता लाइट उघडायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी. ब्रेक दाबून बघा, मधला वरचा तिसरा ब्रेक लाइट पेटतोय का? तो पेटतोय आणि एकच बाजू बंद आहे तर पेडलचा स्विच आणि त्याचा फ्यूज याकडे जायची गरज नाही. तिन्ही बंद असतील तर उलट, आधी फ्यूज, मग पेडलवरचा स्विच, टेल लाइट खोलू नका. एकटे असाल तर गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, संध्याकाळी भिंतीवर लाल उजेड आरशात दिसतो.

दुसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पार्किंग लाइट लावा, मग इंडिकेटर द्या, मग ब्रेक दाबा, आणि त्या एकाच बाजूला काहीतरी विचित्र होतंय का ते बघायला कुणाला तरी मागे उभं करा. माझ्याकडे ब्रेक दाबला की इंडिकेटरचा बल्ब मंद लुकलुकायचा. असं दिसलं की जवळजवळ नक्की समजा, त्या लाइटची अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीकडे परत जायची वाट, कच्ची आहे. होतं काय, एका लाइटमधल्या सगळ्या बल्बचा करंट परत जायला एकच अर्थिंगची वायर असते, तीच अडली की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा फिरून कुठून तरी वाट काढतो आणि नको तो बल्ब मंद पेटतो. डबल फिलामेंटच्या बल्बमध्ये तर एकाच काचेत ५ वॅटची पार्किंगची आणि २१ वॅटची ब्रेकची अशा दोन तारा असतात आणि दोघींची अर्थिंग सामाईक, त्यामुळे घोळ अजूनच वाढतो.

लाइट काढताना माझा अनुभव असा की नट खोलणं हे सोपं काम आहे, त्यानंतर लाइट ओढताना माणसं चुकतात. स्विच बंद, चावी काढलेली, बल्ब थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढली तर उत्तम, फक्त नंतर टेस्टिंगच्या वेळी परत लावायची आहे हे लक्षात ठेवा. डिकी उघडून आतल्या बाजूचं कव्हर बाजूला करा. प्लास्टिकच्या पुश क्लिपा असतील तर आधी मधली पिन थोडी वर उचला, मग पूर्ण क्लिप बाहेर येते, सरळ खेचली तर पाकळ्या तुटतात. आत दोन ते चार नट दिसतील, बहुतेक गाड्यांना ८ किंवा १० नंबरचे, त्यासाठी लांब सॉकेट लागतो कारण स्टड (लाइटमधून निघालेले आटेदार दांडे, ज्यांवर नट बसतात) लांब असतात. नट खोलायच्या आधी खालच्या पोकळीत एक फडकं कोंबून ठेवा, तिथे पडलेला नट शोधायला अर्धा तास जातो आणि मॅग्नेट लागतो. काही हॅचबॅकमध्ये नट नसतातच, डिकीचं दार उघडलं की कडेला दोन स्क्रू समोरच दिसतात.

शेवटचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. लाइट अचानक सुटून बंपरवर आपटत नाही. बाहेरून बॉडीच्या कडेला आणि बंपरच्या वर मास्किंग टेप लावा, पेंटला ओरखडा बसला की मग लाइटपेक्षा त्याचंच दुःख जास्त होतं. नट सुटल्यावर पण लाइट हलत नाही असं वाटतं, कारण चाकाच्या बाजूला बऱ्याच लाइटना एक-दोन गोळीसारख्या खुंट्या असतात ज्या बॉडीतल्या प्लास्टिकच्या बुशात दाबून बसवलेल्या असतात. इथे लाइट बाजूला वळवून उचकटायचा नाही, गाडीच्या मागच्या दिशेला सरळ ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून तर अजिबात नको, एक तर पत्रा वाकतो नाहीतर खुंटी तुटते आणि तुटलेली खुंटी म्हणजे पूर्ण लाइट बदलायची वेळ. लाइट आणि पत्र्याच्या मधलं फोमचं पॅकिंग चिकटून बसलं असेल तर कडेवर कोमट पाणी सोडा किंवा लांबून हेअर ड्रायर फिरवा, आतून एका हाताने स्टडवर दाब द्या आणि दुसऱ्या हाताने बाहेरून खेचा, निघतो.

लाइट थोडा बाहेर आला की लगेच कप्लर, म्हणजे वायरी लाइटला जोडणारा प्लग, काढा. त्याला लाल किंवा पिवळी सरकपट्टी असेल तर आधी ती मागे घ्या, मग कुलूप दाबून कप्लर धरून ओढा, वायर धरून नाही. मोबाइलने एक फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठून फिरलीय ते.

आता माझ्या लाइटमागे काय दिसलं ते सांगतो, कारण सगळं उत्तर तिथेच होतं. लाइट जिथे बसतो त्या पत्र्यावर धुळीचा सारखा थर होता, पण वरच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली बोटभर रुंद एक पट्टा धुवून निघाल्यासारखा स्वच्छ, आणि तो पट्टा थेट बल्ब होल्डरच्या भोकापर्यंत आलेला. पाणी रोज याच वाटेने जात होतं. वर कोपऱ्यात बघितलं तर फोमचं पॅकिंग घडी पडून आत दुमडलेलं, अगदी पानाचा कोपरा दुमडावा तसं, आणि तेवढ्या दोन सेंटिमीटरमध्ये पॅकिंग पत्र्याला टेकतच नव्हतं. मागे एकदा डेंटिंगच्या कामासाठी हा लाइट काढून परत बसवला होता, त्यानंतरच हा त्रास सुरू झाला हे तेव्हा आठवलं. बसवताना एका बाजूचा नट आधी पूर्ण आवळला की दुसऱ्या बाजूचं पॅकिंग सरकतं आणि दुमडतं, बाहेरून काही कळत नाही.

होल्डरमध्ये अर्थिंगची पत्र्याची पट्टी तपकिरी झाली होती, कप्लरमधल्या एका पिनवर हिरवट पूड. हिरवी पूड म्हणजे तांबं खराब व्हायला लागलंय. नुसती नजरेने खात्री करू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॉडीच्या स्वच्छ बोल्टला, लाल प्रोब होल्डरच्या अर्थिंगच्या पट्टीला, आणि मग कप्लर जोडलेला ठेवून, बल्ब लावून, पार्किंग लाइट आणि ब्रेक दोन्ही चालू करा. लोड असतानाच, म्हणजे बल्ब पेटलेले असतानाच मोजायचं, नुसतं कंटिन्युइटीचा (वायर जोडलेली आहे का ते सांगणारा) बीप ऐकून फसायला होतं कारण एक बारीक तंतू टिकला असेल तरी बीप वाजतो. आकडा ०.१ च्या आसपास किंवा खाली यायला हवा. डावीकडे मला ०.०७ आला. उजवीकडे १.८. म्हणजे बॅटरीतले जवळपास दोन व्होल्ट त्या हिरव्या पुडीतच जिरत होते. आणि बल्बचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो, म्हणजे पूर्ण बंद पडायच्या आधी कितीतरी दिवस माझा ब्रेक लाइट मंदच पेटत असणार. चांगल्या बाजूचा आकडा आधी घ्या, तुलनेला त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

साफ करताना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, फारच थर असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी हलक्या हाताने. जोरात घासू नका, पट्टीवरचा कथलाचा मुलामा निघून गेला की ती पट्टी परत लवकर गंजते. ज्या पट्टीवर बल्ब टेकतो तिचा ताण गेला असेल तर बारीक टोकाने ती किंचित वर उचला, बल्ब बसवताना स्प्रिंगसारखा विरोध जाणवला पाहिजे. होल्डरचं प्लास्टिक वितळून मऊ किंवा काळं झालं असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, होल्डर बदला. कप्लरमधली पिन हिरवी असेल आणि वायर सोलून बघितल्यावर तांबं आतपर्यंत काळं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) लावा, नुसती टेप गुंडाळलेली जोडणी ओल्या जागेत टिकत नाही.

अर्थिंगची वायर पुढे बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागा पण शोधा, बहुतेक वेळा डिकीच्या आतल्या कव्हरमागे असते. बोल्ट काढून गोल टर्मिनलच्या खालचा पेंट किंवा गंज खरवडून पत्रा चकाकेपर्यंत साफ करायचा, आवळायचं, आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. ग्रीस आवळल्यानंतर लावायचं. डायइलेक्ट्रिक ग्रीसबद्दल खूप जणांचा गैरसमज आहे की त्याने करंट चांगला वाहतो. ते वीज वाहून नेत नाही, त्याचं काम पाणी बाहेर ठेवणं एवढंच, म्हणून कप्लरच्या रबरी सीलवर आणि पिनांवर अगदी पातळ हात पुरे.

डिकीच्या दारावरच लाइट असेल तर अजून एक जागा आहे, दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी. हजारो वेळा वाकून त्यांचं इन्सुलेशन फाटतं आणि तांबं तुटतं. दार उघडं असताना लाइट पेटतो आणि बंद केल्यावर जातो किंवा उलट, असं असेल तर टेल लाइटला हात लावायच्या आधी ती नळी सरकवून आत बघा.

काचेच्या आत पाणी दिसतंय त्यांच्यासाठी. गार हवेत काचेवर आतून पुसट धुकं येणं आणि लाइट अर्धा तास लावल्यावर जाणं हे नॉर्मल आहे, लाइटला हवा खेळायला बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात, ती बुजवू नका. थेंब ओघळतायत किंवा तळाला पाणी साचून हलतंय, ते नॉर्मल नाही. खाली ड्रिलने भोक पाडायचा सल्ला मिळेल, माझं मत स्पष्ट आहे, पाणी येतंय कुठून ते शोधल्याशिवाय भोक पाडू नका. तसंच बाहेरून कडेने सिलिकॉन भरून टाकणं. वर एखादी फट राहतेच आणि खालून पाण्याला बाहेर पडायची वाट आपणच बंद केलेली असते. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि जवळचं तांबं खातं, वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. हेडलाइटसारखं ओव्हनमध्ये गरम करून काच उघडायचा प्रयत्न तर नकोच, टेल लाइटची काच आणि मागचा भाग बहुतेक वेळा वितळवून एकजीव केलेला असतो, तो उघडत नाही, वाकडा होतो. काचेला तडा असेल तर लाइट बदलणं हाच उपाय. पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, त्या प्लास्टिकला बारीक जाळीसारखे तडे जातात, साबणाचं पाणी पुरतं.

परत बसवताना घाई करू नका, कारण माझ्याकडे बिघाड तिथूनच सुरू झाला होता. पॅकिंग दबून कडक झालं असेल तर नवीन टाका, जुन्याचे तुकडे पत्र्यावरून पूर्ण काढून जागा कोरडी करा. डबल फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो, जात नसेल तर फिरवून बघा, जोर लावू नका. जबरदस्तीने उलटा बसवलेला बल्ब पेटतो पण पार्किंगला २१ वॅटची तार जळते आणि ब्रेकला ५ वॅटची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागच्याला काही फरकच दिसत नाही. कप्लर लावा, टिक असा आवाज यायलाच हवा, आणि लाइट आवळायच्या आधी सगळं चालवून बघा, पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स. परत मल्टिमीटर लावा. माझा उजवा आकडा १.८ वरून ०.०६ वर आला.

मग आधी खुंट्या बुशात सरळ दाबा, लाइट तळव्याने धरून ठेवा, आणि सगळे नट हाताने टेकेपर्यंत फिरवा. त्यानंतर एकाला अर्धा फेरा, समोरच्याला अर्धा फेरा, असं आलटून पालटून. दर फेऱ्याला बोट फिरवून पॅकिंग सगळीकडे सारखं दबतंय का बघा. स्टड प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात, त्यामुळे लांब रॅचेट घेऊन आवळायचं नाही, सॉकेट नुसत्या बोटांनी धरून घट्ट होईल तेवढं आणि वर थोडंसं. मॅन्युअलमध्ये टॉर्क (नट किती जोराने आवळायचा तो आकडा) दिला असेल तर तोच घ्या. लाइट आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसली पाहिजे, एका टोकाला जास्त असेल तर ढिलं करून परत बसवा.

लगेच आतलं कव्हर लावू नका. टिश्यू पेपरच्या पट्ट्या लाइटच्या भोकाच्या कडेने आतून चिकटवा, डिकी बंद करा आणि पाइपने कमी दाबाचं पाणी सोडा, आधी खालच्या कडेवर पाच मिनिटं, मग हळूहळू वर. प्रेशर वॉशर नको, त्याने चांगलं पॅकिंगसुद्धा पाणी आत येऊ देतं आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो. उघडून बघा, कुठली पट्टी ओली झाली त्यावरून गळतीची जागा बरोबर कळते. माझी पहिल्या वेळी वरची एक पट्टी ओली निघाली, परत ढिलं करून पॅकिंग नीट केलं, दुसऱ्या वेळी सगळ्या कोरड्या. जाता जाता स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात हात घालून बघा, तिथे ओल असेल तर पाणी बरेच दिवसांपासून येतंय.

एलईडी बल्ब टाकून हा प्रश्न सुटेल का असं खूप जण विचारतात. अर्थिंग कच्ची असेल तर एलईडी अजून गोंधळ घालतो, कारण त्याला इतका कमी करंट लागतो की उलट्या वाटेने आलेल्या थोड्याशा करंटवर पण तो मंद जळत राहतो. इंडिकेटरला टाकला तर तो भराभर लुकलुकायला लागतो, कारण कमी करंटमुळे गाडीला वाटतं बल्ब गेलाय. त्यावर उपाय म्हणून जास्तीचा करंट ओढणारा रेझिस्टर लावणार असाल तर तो चांगलाच तापतो, प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकवू नका, पत्र्याला पक्का करा. आणि लाल काचेमागे लालच एलईडी टाका, पांढरा टाकला तर उजेड गुलाबीसर येतो. ज्यांच्या गाडीत पूर्ण लाइटच एलईडीचा आहे त्यांनी अर्धा भाग बंद दिसला म्हणून लगेच नवीन लाइट घेऊ नये, आधी कप्लर काढून पिना बघा आणि वरचीच अर्थिंगची टेस्ट करा.

या कामाला आता आठ महिने होऊन गेले, मधे धो धो पावसात गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. महिन्यातून एकदा भिंतीसमोर ब्रेक दाबून बघतो, दोन्हीकडे सारखाच उजेड पडतो. उजवीकडे आत्ता जो बल्ब पेटतोय तो त्या डॅशबोर्डच्या खणातल्या दोनपैकीच एक आहे, गेला म्हणून काढून टाकलेला.